धागा: ग्लोव्हजनी हात लाल होतात, शिंका येतात? घाम म्हणून सोडून देऊ नका

धंतोली_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली या कामात. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कृपया कोणी विचारू नका.

आमच्या ओटीत एक ज्युनियर मुलगी आहे, कामाला एकदम चोख. एप्रिल लागला तसे तिचे हात लाल व्हायला लागले, बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ, आणि मनगटावर जिथं ग्लोव्हची कड संपते तिथपर्यंतच लाली, त्याच्या वर कातडी एकदम साफ. जो तो म्हणे घामोळं आहे, नागपूरचा उन्हाळा आहे, बाहेर ४५ डिग्री, तासन् तास ग्लोव्हज घातल्यावर दुसरं काय होणार. तीही बिचारी रात्री खोबरेल तेल लावून झोपायची आणि सकाळी परत ड्युटीवर हजर. मग परवा एक मोठी केस संपली, सगळ्यांनी एकदम ग्लोव्हज ओढून काढले, ती पांढरी पावडर गाऊनवर, ट्रॉलीवर, लाइटच्या उजेडात हवेत उडताना दिसत होती, आणि ही मुलगी हातात काहीच न घालता भिंतीजवळ बसून रजिस्टर लिहीत होती तरी तिला शिंकांवर शिंका सुरू झाल्या, डोळे लाल, मानेवर गांधी उठल्या आणि श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज. भूलतज्ज्ञ तिथंच होते म्हणून निभावलं. मला तर ही ग्लोव्हजच्या रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी वाटते.

आता मॅनेजमेंट म्हणून राहिलं की ठीक आहे, तिच्यापुरता नायट्राइल (लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराच्या) ग्लोव्हजचा डबा आणून देऊ. माझं म्हणणं एवढंच की तिच्यापुरता डबा आणून भागणार नाही. तिनं तर त्या वेळी ग्लोव्हज घातलेच नव्हते! बाकीच्यांच्या हातातली पावडर तिच्या नाकात गेली. बदलायचं तर त्या खोलीतल्या सगळ्यांचे बदलायला पाहिजेत.

तुमच्यापैकी कोणी हॉस्पिटल, लॅब, डेंटल, पार्लर, कुठंही काम करत असाल आणि असा त्रास झाला असेल तर लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी जरा सविस्तर सांगावं, मला ते सगळं अर्जासोबत जोडायचं आहे.

काटोलकर

ताई राग नका मानू पण मले तं हे पित्तच वाटते. आमच्या घरी वहिनीले असंच होते, अंगभर गांधी उठतात, आमसूल भिजवून चोळलं का अर्ध्या तासात साफ. उन्हाळ्यात अर्ध्या नागपूरचे हात खाजतात. रबरानं कोणी मरत असते का बाप्पा, लहान पोरं दिवसभर फुगे फुगवतात.

धंतोली_सिस्टर

काटोलकर भाऊ, राग नाही. आमसुलानं खाज कमी वाटत असेल पण छातीत शिट्टी वाजते तेव्हा आमसूल चोळत बसलो तर माणूस हातचा जाईल. आणि फुग्यांचं म्हणाल तर फुगासुद्धा याच रबराचा असतो, ज्याला ही ॲलर्जी आहे त्याला फुगा तोंडाला लावल्या लावल्या ओठ सुजतात.

भूलवाला

सिस्टर, धागा काढलात ते फार बरं केलं. मी भूलतज्ज्ञ आहे, मेडिकल चौकाच्या आसपासच आयुष्य गेलं. जरा मोठं लिहितो.

काटोलकर, मरतात हो, माणसं मेलेली आहेत. अमेरिकेत आतड्याच्या एक्स-रेसाठी गुदद्वारातून बेरियमचं औषध सोडतात, त्या बेरियम एनिमाच्या नळीला रबरी फुगा असायचा, त्यानं रिॲक्शन येऊन पेशंट दगावले, तेव्हा १९९१ साली तिथल्या एफडीएला (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) लॅटेक्सबद्दल इशारा काढावा लागला. त्याच्याही आधी १९७९ मध्ये ब्रिटनमधून एका बाईला रबरी हातमोज्यांनी पित्त उठल्याची नोंद छापून आली होती, पण तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. खरा त्रास वाढला तो १९८७ नंतर. एचआयव्हीच्या भीतीनं अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं, सांगितलं की प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गाचं समजूनच काम करा. ते बरोबरच होतं. पण त्यामुळे जगभर ग्लोव्हजची मागणी एकदम अफाट वाढली, कारखान्यांवर ताण आला, आणि नीट न धुतलेला, जास्त प्रोटीन राहिलेला माल बाजारात आला असं मानतात.

हे प्रोटीन म्हणजेच सगळ्या भानगडीचं मूळ. रबराचं झाड, म्हणजे हेविया, आपल्याकडे मुख्यतः केरळात लावतात, त्याच्या सालीला चीर देऊन जो दुधासारखा चीक निघतो त्यात ही प्रोटीन्स असतात. ग्लोव्ह, फुगा, कंडोम हे त्या चिकात साचा बुडवून करतात, म्हणून त्यांच्यात प्रोटीन सुटं राहतं आणि अंगाला लागतं. टायर किंवा चपलेच्या तळव्याचं रबर वेगळ्या पद्धतीनं तापवून दाबून करतात, त्याचा तेवढा धोका नाही.

आता पावडर. ती मक्याच्या स्टार्चची असते, हात पटकन आत जावा म्हणून. स्टार्च स्वतः फार त्रास देत नाही, पण लॅटेक्सचं प्रोटीन त्याला चिकटतं आणि ग्लोव्ह ओढला की ते हवेत उडतं, बराच वेळ तरंगत राहतं. त्यामुळे सिस्टर म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, जिला ॲलर्जी आहे तिच्या एकटीच्या हातात नायट्राइल देऊन खोलीतली हवा बदलत नाही. जर्मनीनं १९९८ मध्ये कामाच्या ठिकाणी पावडरवाले लॅटेक्स ग्लोव्हज बंद केले आणि त्यानंतर तिथं हॉस्पिटल स्टाफमधल्या नव्या केसेस भराभर खाली आल्या. अमेरिकेनं तर जानेवारी २०१७ पासून पावडरवाल्या ग्लोव्हजवर सरळ बंदीच घातली, सर्जरीचे असोत की तपासणीचे.

संत्रानगरी

डॉक्टर साहेब, पण मग ज्यांचे नुसते हात खाजतात त्या सगळ्यांनाच ही जीवघेणी ॲलर्जी असते का? माझी बहीण मेयोजवळच्या एका लॅबमध्ये आहे, तिचे हात तर बारा महिने फुटलेले असतात. आता तुम्ही असं लिहिल्यावर घाबरायला झालं.

भूलवाला

नाही नाही, घाबरू नका. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही एकाच गठ्ठ्यात बांधल्या जातात.

सगळ्यात जास्त दिसते ती ॲलर्जीच नसते. सारखे सारखे हात धुणं, सॅनिटायझर, नीट न पुसता ओल्या हातावर ग्लोव्ह चढवणं, घाम, यानं कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. तुमच्या बहिणीचं बहुधा हेच असेल, पण तपासून घ्यावं. कारण अशा फुटलेल्या कातडीतून प्रोटीन सहज आत शिरतं आणि आज नसलेली ॲलर्जी उद्या तयार होऊ शकते.

दुसरी ॲलर्जी रबरात घातलेल्या रसायनांची. रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून कारखान्यात थायुराम, कार्बामेट अशी रसायनं घालतात, त्यांना ॲक्सिलरेटर म्हणतात. याची खाज लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते, पाण्याचे बारीक फोड, मग खपल्या. फार त्रासदायक, पण यानं जीव जात नाही.

तिसरी ती सिस्टरांच्या ओटीतल्या मुलीसारखी. प्रोटीनची, आयजीई नावाच्या, ॲलर्जी घडवणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडीमधून होणारी. काही मिनिटांत गांधी, शिंका, डोळ्यातून पाणी, दमा, आणि कधी बीपी एकदम खाली. हीच जीवावर बेतते. दुसरी आणि तिसरी, दोन्ही एकाच माणसाला असू शकतात हेही लक्षात ठेवा.

डेंटल_थर्ड_इयर

सर मी डेंटलला आहे. आमच्याकडे दिवसभर ग्लोव्हज. मला पहिल्यापासून खाज होती म्हणून मी स्वतःच्या पैशांनी नायट्राइल घ्यायला लागले, तरी खाज जातच नाही, दुसऱ्या दिवशी तर जास्तच. मग मला लॅटेक्सची ॲलर्जी नाहीच असं समजू का? सिनियर म्हणतात तुझी स्किनच सेन्सिटिव्ह आहे आणि आतून कॉटनचे घाल वगैरे.

भूलवाला

तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराशी जुळतंय. नायट्राइल हे झाडाचं रबर नाही, त्यात लॅटेक्सचं प्रोटीन नसतं, पण तीच कार्बामेटसारखी रसायनं बऱ्याच नायट्राइलमध्येही वापरतात. म्हणून ग्लोव्ह बदलूनही खाज राहते. स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या, पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि नंतर परत एकदा बघतात. त्यात नेमकं रसायन कळलं की ते नसलेले, ॲक्सिलरेटर-फ्री म्हणून येणारे ग्लोव्हज शोधता येतात.

प्रोटीनच्या ॲलर्जीसाठी मात्र पॅच टेस्टचा उपयोग नाही, त्याला रक्तातली लॅटेक्स स्पेसिफिक आयजीई किंवा स्किन प्रिक टेस्ट (कातडीला बारीक टोचून बघतात ती). रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली तरी लक्षणं ठसठशीत असतील तर डॉक्टर लक्षणांवर विश्वास ठेवतात. आणि एक हात जोडून सांगतो, घरी ग्लोव्ह घालून बघू काय होतं ते, असला प्रयोग कोणीही करू नका.

हिंगण्याची_आई

मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही. माझा मुलगा जन्मतःच पाठीच्या कण्याच्या आजाराचा, स्पायना बिफिडा. जन्मल्यावर लगेच ऑपरेशन झालं, मग डोक्यात शंट (साठलेलं पाणी काढून देणारी नळी), मग पायांची ऑपरेशनं, आणि लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा नळी घालावी लागते. एवढ्या लहानपणापासून इतकं रबर त्याच्या अंगाच्या आत गेलं की त्याला ही ॲलर्जी झाली. आम्हाला कळलं कसं तर वाढदिवसाला. फुगा फुगवला आणि तोंड असं सुजलं की डोळे दिसेनात.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा मुलांमध्ये ही ॲलर्जी खूप जास्त असते, आणि म्हणून त्यांना जन्मापासूनच लॅटेक्सपासून लांब ठेवायला हवं, ॲलर्जी व्हायची वाट बघायची नसते. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. म्हणून इथं लिहून राहिली. कोणाच्या घरी असं बाळ असेल तर आजपासूनच लाल रबरी कॅथेटर बंद करा, प्लास्टिकची साधी नळी मिळते ती वापरा, आणि पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

आता आम्ही दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य हेच सांगतो, लॅटेक्स ॲलर्जी आहे. फाइलवर लाल पेनानं लिहून घेतो. तरी दर वेळी कोणीतरी ग्लोव्ह चढवून येतंच आणि मला पुढं होऊन हात धरावा लागतो. काही जण चिडतात. चिडू देत.

धंतोली_सिस्टर

ताई, हात धरत जा, अजिबात संकोच करू नका. तुमचा अनुभव मी अर्जात घालू का, नाव न लिहिता?

हिंगण्याची_आई

घाला ना जी. कोणाच्या कामी आला तर चांगलंच आहे.

भूलवाला

या ताईंनी लिहिलंय ते ओटीच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं आहे. ज्यांची बरीच ऑपरेशनं झालीत, विशेषतः लहानपणी, लघवीच्या मार्गाची, ते सगळे जास्त धोक्यातले. भूल दिलेला पेशंट सांगू शकत नाही की खाज येते आहे, अंग कापडाखाली झाकलेलं, गांधी कोणाला दिसत नाहीत. इंजेक्शनची रिॲक्शन बहुतेक वेळा औषध दिल्यावर लगेच येते. लॅटेक्सची मात्र सर्जनचा हात पोटात जाऊन थोडा वेळ झाल्यावर येते, त्यामुळे आधी भलत्याच औषधावर संशय जातो आणि सर्जनच्या हातातला लॅटेक्सचा ग्लोव्ह तसाच राहतो. म्हणून केस घेण्याआधी विचारायचं: फुगा फुगवताना ओठ खाजतात का, दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर तोंड सुजलं होतं का, कंडोमनं त्रास होतो का. विचारायला लाज वाटून घेऊ नये. आम्ही अशा पेशंटला सकाळची पहिली केस म्हणून घेतो, रात्रभरात हवेतली धूळ खाली बसलेली असते.

आणि रिॲक्शन आलीच तर आधी ॲड्रेनालिन! मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आपल्याकडे अजूनही एव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) आणि स्टेरॉइड देऊन वाट बघत बसतात. ती औषधं दुय्यम आहेत, नंतर द्या. ऑपरेशनच्या आधी एव्हिल दिलं की लॅटेक्स वापरायला मोकळे, हाही गैरसमज आहे, त्यानं जीवघेणी रिॲक्शन अडत नाही. घरी असं झालं तर १०८ ला फोन करा आणि माणसाला उठवून चालवू नका, आडवं ठेवा. श्वासाचा फार त्रास असेल तर बसू द्या.

दवाबाजार_भाऊ

सिस्टर मी होलसेलमध्ये आहे, ग्लोव्हज, कॅथेटर, सिरिंज हाच आपला धंदा. दोन गोष्टी सांगतो ज्या तुमच्या परचेसवाल्याला माहीत नसतील. एक म्हणजे फोलीज कॅथेटर, लघवीसाठी आत ठेवून देतात ती नळी. पाकिटावर मोठ्या अक्षरात सिलिकोन दिसलं की लोक समजतात लॅटेक्स नाही. नीट वाचा, बहुतेकांवर सिलिकोन कोटेड किंवा सिलिकोनाइज्ड असं असते, म्हणजे आत लॅटेक्सच, वरून नुसता मुलामा. पिवळसर दिसते ती नळी. शंभर टक्के सिलिकोनची आरपार दिसल्यासारखी असते आणि महागही असते, ती वेगळी मागावी लागते. दुसरं, हायपोॲलर्जेनिक छापलेलं पाहून माल घेऊ नका, त्या शब्दावर जाऊन फसलेले लोक पाहिले आहेत, डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात नॅचरल रबर लॅटेक्स लिहिलेलं सापडते.

भावाचं म्हणाल तर पावडरवाला लॅटेक्स सगळ्यात स्वस्त म्हणून तोच उचलतात. कोविडमध्ये नायट्राइलचे भाव असे चढले होते की विचारू नका, ती धास्ती अजून लोकांच्या डोक्यात आहे. पण पूर्ण हॉस्पिटलची ऑर्डर एकत्र दिली तर कोणीही भाव कमी करून देईल. डबा डबा घेतला तर महागच पडणार ना.

काटोलकर

सिस्टर, डॉक्टर साहेब, सगळं वाचलं. एक विचारतो, वहिनीले केळ खाल्लं का तोंडात खाजते, म्हणून ते उपासाले केळ नाही खात. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? ते एका नर्सिंग होममध्ये आया आहेत.

भूलवाला

काटोलकर, बरं झालं विचारलंत. संबंध असू शकतो. केळं, किवी, ॲव्होकॅडो, परदेशी चेस्टनट यांच्यातली काही प्रोटीन्स लॅटेक्सच्या प्रोटीनसारखी असतात, पपईचंही नाव येतं. शिंगाड्याचा इथं संबंध नाही, ती वनस्पतीच वेगळी. केळ्यानं तोंड खाजतं, गांधी उठतात आणि रोज ग्लोव्हजशी काम, एवढ्यावर मी त्यांना तपासणीला पाठवीनच. तोवर पावडरवाले ग्लोव्हज त्यांच्या हाती देऊ नका, आणि ओटी-लेबर रूमची झाडझूड दुसऱ्याकडे द्यायला सांगा.

संत्रानगरी

आणि संत्रं? नागपुरात राहून ते तर सोडता येणार नाही.

भूलवाला

त्या नेहमीच्या यादीत संत्रं नाही. ज्याला खाऊन त्रास होत नाही त्यानं कोणतंही फळ उगाच सोडू नये.

काटोलकर

ठीक आहे साहेब, या आठवड्यात घेऊन जातो वहिनीले. आमसूल बंद.

धंतोली_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मेट्रन मॅडमसोबत बसून अर्ज तयार केला. त्यात मागितलंय ते इथं लिहिते, काही राहिलं असेल तर सांगा. ओटी आणि लेबर रूममधून पावडरवाले ग्लोव्हज पूर्ण बंद, सगळ्यांसाठी, सर्जन धरून. तपासणीसाठी नायट्राइल. एक ट्रॉली पूर्ण लॅटेक्स नसलेली, तिच्यात सिलिकोनचं फोली, लॅटेक्स नसलेले सर्जिकल ग्लोव्हज, चिकटपट्ट्या, आणि वर ॲड्रेनालिनचे ॲम्प्युल दिसतील असे. ॲडमिशनच्या फॉर्मवर औषधांच्या ॲलर्जीच्या रकान्याखाली लॅटेक्सचा वेगळा रकाना. आणि त्या मुलीची टेस्ट हॉस्पिटलच्या खर्चानं, कारण हा त्रास तिला कामावर झालेला आहे, तिनं घरून आणलेला नाही. ती नोकरी सोडायचं बोलत होती, मी तिला सांगितलं की तू कुठं जाऊ नको, आम्ही ओटी बदलतो.

सर्जन लोकांचं एकच म्हणणं येतं की नायट्राइलमध्ये बोटांना नीट जाणवत नाही, गाठ मारताना हात अडतो. त्याला काय उत्तर द्यावं?

भूलवाला

त्यांना पॉलिआयसोप्रीनचे (हेही कृत्रिम रबरच) सर्जिकल ग्लोव्हज हातात घालून बघायला द्या, ताण आणि स्पर्श जवळजवळ लॅटेक्ससारखाच असतो आणि झाडाचं प्रोटीन नसतं. त्यांना लॅटेक्सच हवं असेल तर निदान पावडर-फ्री घ्यावं, ते जास्त धुतलेले असतात, प्रोटीन कमी राहतं. ॲलर्जीवाला पेशंट किंवा ती मुलगी टेबलाजवळ असेल तेव्हा मात्र तेही चालणार नाहीत. आणि ग्लोव्हजच्या आधी हाताला तेलकट क्रीम किंवा खोबरेल लावू नये, तेलानं लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. ड्युटी संपल्यावर घरी खुशाल लावा.

संत्रानगरी

बहिणीनं धागा वाचला आणि विचारून राहिली की रक्त घेताना दंडाला बांधतात त्या पिवळ्या रबरी नळीचं काय? त्यांच्या लॅबमध्ये तीच आहे, सगळ्या पेशंटना एकच.

धंतोली_सिस्टर

तीही लॅटेक्सचीच असते बहुतेक. तिला सांगा की लॅटेक्स नसलेले टूर्निके मिळतात, बेल्टसारखे कापडी, क्लिपवाले. आणि आत्ता लगेच तीच नळी वापरायची वेळ आली आणि पेशंट म्हणाला की मला रबराचा त्रास आहे तर दंडावर बांधूच नका, बीपीचा कफ जरासा फुगवून शीर घ्या. फक्त त्या कफच्या नळ्या कशाच्या आहेत ते आधी बघा, जुन्या मशीनच्या काळ्या नळ्या रबराच्या असू शकतात, तेव्हा कफ शर्टाच्या बाहीवरूनच बांधा आणि नळी कातडीला लागू देऊ नका. तेवढा टूर्निकेचा मुद्दा मी अर्जात वाढवते, राहिलाच होता.